संचालकजी खाली

बबीना रोडवरच्या आमच्या कॉलेजात तीन घराण्यांचे कंप्यूटर होते. ऑफिसात विंडोज, लॅबमध्ये लिनक्स आणि संचालकजींच्या केबिनमध्ये मॅक. मॅकचा थाट देवासारखा. रोज पुसायचे, फूलही ठेवायचे, फक्त चालू कोणी करत नसे.

मी तिथे कच्च्या नोकरीत. नेट सारखं बसायचं आणि कुठे बसलं ते कळायचं नाही. संचालकजी म्हणाले, "फोकट को कछू ढूँढ लो भैया. तीनों पे चल गओ तो तुम पक्के, नईं तो ग्वालियर से कंपनी बुला लेहें." हे वाक्य मी आजही त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतो, मधल्या ढेकरेसकट.

फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. कोणीही वापरा, कोणीही सुधारा. काम एवढंच, की सारखी प्रत्येक मशीनला हाक मारायची, 'आहेस का रे?' ओ दिली तर हिरवं 'अप', नाही दिली तर लाल 'डाउन'. त्यात मराठी नव्हती. मला चेव आला.

"आई, 'अप'ला मराठीत काय म्हणायचं?"

"वर."

"आणि 'डाउन'ला?"

"खाली. एवढं विचारावं लागतं? शिकवण्या हिंदीत लावल्या, त्याची ही फळं."

दोन्ही शब्द भरले. टेस्टिंगलाही ते बरं होतं, देवनागरी सगळीकडे नीट उमटते का ते कळणार होतं. विंडोजवर उमटली. लिनक्सवर नुसते चौकोन, कारण फॉन्ट टाकायला मीच विसरलो होतो. मॅकवर संचालकजींनी स्वतः शेजारी उभं राहून करू दिलं. चाललं म्हणेपर्यंत त्यांनी मॅक बंदही केला. "गरम हो रओ."

मग दाखवायचा दिवस आला. ऑफिसात मोठा पडदा, सगळा स्टाफ गोळा. कंप्यूटर ज्याचा, त्याचंच नाव मी यादीत घातलेलं. भाषा परत हिंदी करायची राहून गेली, हे मला पडदा उजळल्यावरच दिसलं.

बडे बाबू: वर.
गेटची हजेरी मशीन: वर.
संचालकजी: खाली.

आता हिंदीत वर म्हणजे नवरदेव. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, चाळिशी उलटलेले, बिनलग्नाचे. मागून आवाज आला, "बड़े बाबू, बधाई हो! कंप्यूटर ने रिश्ता पक्को कर दओ." बडे बाबू लाजले. खरंच लाजले हो, कॉलरसुद्धा नीट केली.

संचालकजींची नजर तिसऱ्या ओळीवर. हिंदीत खाली म्हणजे रिकामा.

"जो का लिखो है? हम खाली?"

कोणाला खोकला आला, कोणी वाकून चपलेचा पट्टा बघायला लागला. इतकी वर्षं सगळे पाठीमागे जे म्हणायचे, ते मशीनने लाल अक्षरांत तोंडावर म्हटलं होतं. आणि मशीन मी आणलं होतं.

"नईं साहब, जे मराठी है. मराठी में खाली माने नीचे."

"हम नीचे? औ गेट की मशीन ऊपर?"

झालं. रिकामे की खालचे, दोन्हींतलं काहीच त्यांना पसंत नव्हतं. 'तुमचा कंप्यूटरच बंद आहे' असं सगळ्यांसमोर सांगावं, तर मला गेटपर्यंत सोडायला तेच आले असते.

अशा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: बिघडलेलं आधी दाखवा. आजारी माणसाला रांगेत पुढे घेतात तसं. मी ते बटण दाबलं आणि शब्द काढून नुसते रंग ठेवले. संचालकजी टुणकन पहिल्या नंबरावर.

"सबसे ऊपर आप, साहब."

"औ जो लाल काए?"

"लाल बत्ती, साहब."

चेहरा असा फुलला, जणू पुढे सायरनवाली जीपच धावतेय. "हओ," ते म्हणाले, "जे भई बात." मी त्याच दिवशी पक्का झालो. पडदा केबिनच्या बाहेर लावून घेतला त्यांनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

पुढे एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"काए भैया, आज हम नीचे काए आ गए? बत्ती भी हरी हो गई."

"साहब, आपने कंप्यूटर चालू किया क्या?"

"हओ. भतीजे खों फोटो दिखाने हते."

मग आवाज आणखी बारीक करून त्यांनीच विचारलं,

"तो बंद कर दें?"

"कर दीजिए, साहब."