पायाळू आत्याच्या पायाखाली

तुमच्या घरात नववा महिना लागलेली बाई आहे का? असेल तर सांगा, तिच्या पोटातल्या बाळाचं डोकं आत्ता वर आहे की खाली?

आमच्याही घरात हे कुणाला सांगता आलं नसतं. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जुन्नरहून लेण्याद्रीकडं जाताना रस्त्यालगतच आमचं घर आहे. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हापासून घरात देव्हारा नाही. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असतात. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध. ती वाटतच मी मोठी झाले. पण शेजारी राहणाऱ्या चुलत आत्याच्या पायाविरुद्ध आमच्याकडून एकही पत्रक निघालं नाही.

आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पाठीत उसण भरली की अशा माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. कांद्याच्या पिशव्या उचलून पाठ धरलेले हमाल थेट मंचरहून यायचे. आत्या त्यांना ओसरीवर पालथं झोपवायची आणि पाठीवर डावा पाय ठेवून हलकेच दाबायची. बाबांची पाठ धरली की तेही मागच्या दारानं तिच्याकडं जायचे.

नवव्या महिन्याच्या तपासणीत सिस्टरनं ताईचं पोट चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं. बरगड्यांखाली काहीतरी गोल, टणक लागत होतं. ठोकेही बेंबीच्या वर ऐकू येत होते. सोनोग्राफीत तेच दिसलं. डोकं वर, ढुंगण खाली.

डॉक्टरबाईंनी ताईला नीट सांगितलं. बाळ अजून आपोआप फिरू शकतं. नाही फिरलं तर मोठ्या हॉस्पिटलात बाहेरून हातानं फिरवायचा प्रयत्न करता येतो, नाहीतर ठरवून सिझेरियन. "घरी कुणाला पोट चोळून फिरवू देऊ नका," त्या म्हणाल्या, "आणि कळा सुरू झाल्यावर दवाखाना शोधत बसू नका."

पुढच्या तपासणीलाही बाळ तसंच होतं. ताईला पुण्याला जायची चिठ्ठी मिळाली. ते कळलं तशा येडगावहून तिच्या सासूबाई आल्या, तेही पेढे घेऊन.

"पायाळू येतंय म्हणं आमच्या घरात," त्या म्हणाल्या. "लई नशीब लागतं. मग पोट कशाला फाडायचं? पायानं येतंय तर येऊ द्या की. तुमच्या घरात जित्ता दाखला हाय." त्यांनी दारात उभ्या आत्याकडं बोट दाखवलं.

मी जेवढं वाचलं होतं तेवढं सगळं बोलून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी आईला म्हणाल्या, "तुमची धाकटी लई बोलती वो. लगीन जमायला अवघड जाईल."

दाजी फोनवर म्हणाले, आई म्हणेल तसं. ताई भिंतीला टेकून दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. कुणी तिला विचारत नव्हतं. एकदाच ती म्हणाली, "मला पुण्याला जायचंय." सासूबाई म्हणाल्या, "बघू," आणि उठायला गेल्या. तेवढ्यात त्यांच्या पाठीत चमक भरली आणि त्या अर्ध्यातच वाकून राहिल्या.

आत्यानं ओसरीवर घोंगडी अंथरली. सासूबाई कण्हत पालथ्या झाल्या. आत्यानं भिंतीला हात टेकला, पाठीवर पाय ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"विहीणबाई, हलू नका. एक सांगायचंय."

"दाबा की आधी."

"दाबते. माझे पाय आले, अंग आलं, अन् डोकं अडाकलं. सुईणीनं लई वढलं म्हणं. मी निघाले. माझी आई त्याच दुपारी गेली. चुलतीनं मला शेळीच्या दुधावर जगवलं. आज येवढी माणसं माझ्या पायाखाली झोपून जात्यात. पर पायाळूची आई कुठं व्हती, हे मला आजवर कुनी इचारलं न्हाई. तुमी तरी इचारा."

मी याच घरात वाढले आणि हे मला माहीत नव्हतं. बाबा खाली बघत होते.

आत्यानं मग पाय दाबला. सासूबाई उठून बसल्या, पदर सारखा केला. मग त्या ताईकडं वळल्या.

"गाडी कुनाची सांगितलीय?" त्यांनी विचारलं.

पुण्यात तपासल्यावर कळलं की बाळाभोवती पाणी कमी आहे, त्यामुळं फिरवायचा प्रयत्न धोक्याचा. मग दिवस ठरवून सिझेरियन झालं. मुलगी. बारीक, पण आवाज खणखणीत. अशा बाळांचे खुबे पुढं तपासून घ्यावे लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या तपासणीला सासूबाईच नातीला घेऊन गेल्या. खुबे चांगले आहेत हे त्यांनीच फोन करून कळवलं.

बारशाला शेजारचे काका आत्याला चिडवायला आले. "आता हिला पायाळू म्हनायचं का न्हाई? तुमचं गिऱ्हाईक तोडायची ही."

"तिला काय म्हनायचं ते म्हना," आत्या म्हणाली. "तिच्याजवळ आई हाय." आणि तिनं बाळ ताईच्या मांडीवर दिलं.

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली. आपल्याला मिळणारा मान असा पायाखाली घेऊन बोललेलं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही. त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं आणि बाबांनी ते स्वतः छापून आणलं. आत्याकडं पाठ दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आता ती ते देते.

त्यात एकच विनंती आहे, तीच तुम्हालाही करते. घरातल्या गरोदर बाईला नववा लागला की तपासणीला तिच्यासोबत जा आणि डोकं कुठं आहे ते विचारा. वर असेल तर बाळंतपण कुठं करायचं हे तिला विचारून त्याच दिवशी ठरवा, आणि गाडी सांगून ठेवा.