कै. की श्री.

नव्वदच्या दशकात जुईनगरला, स्टेशनपासून जवळच, माझं पत्रिकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टाकलेला टॉवेल आणि नमुन्यांचे जाडजूड अल्बम. महाप्यातल्या कंपन्या उद्घाटनाची कार्डं करून घ्यायच्या. त्यांना गणपतीसुद्धा कंपनीच्या रंगात हवा असायचा. आसपासच्या गावठाणांतल्या लग्नपत्रिकांत निमंत्रकांची नावं इतकी, की नवरा-नवरी शोधावी लागत. एखादा काका राहिला तर तो मांडवात रुसून बसे आणि खापर माझ्या डोक्यावर फुटे. तशी मी तोंडाची फटकळ, पण नावांवरून गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे ठरवलेलं होतं. ज्याचं घर, त्याला ठाऊक.

एकदाच घातला.

कळंबोलीहून एक बाई मोठ्या दिरांना घेऊन आली होती. माझ्याच वयाची, मूळची साताऱ्याकडची. मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली तेव्हा माल घेऊन गेला तो परतलाच नाही. ट्रक लांब कुठल्याशा ढाब्यावर सापडला, सुस्थितीत, कुलूप लावलेला. माणसाचा पत्ता नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू मात्र तसंच होतं.

आता पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाआधी काय छापायचं, श्री. की कै.? श्री. छापलं तर पाहुणे विचारणार, मग आहेत कुठं? कै. छापलं तर बाईच्या नावाआधीचं सौ. जाऊन तिथं श्रीमती येणार. आणि नवरा नसलेल्या बाईनं हळदीला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणजे पोटच्या पोरीला हळद लावायची की नाही, ते माझ्या दुकानात ठरणार होतं.

दीर वाईट माणूस नव्हता. भावामागं पोरीला त्यानंच वाढवलं, शिकवलं. पण आता तो थकला होता. मुलाकडचे रोज खोदून विचारतात, म्हणाला, कै. टाका मॅडम आणि एकदाचा विषय मिटवा. माझं डोकं फिरलं. माणूस गेल्याचं तुम्हाला कुणी येऊन सांगितलं का, असं मी तोंडावर विचारलं. काहीच लावू नका, नुसतं नाव छापू, असंही सुचवलं. तो म्हणाला, नुसतं नाव बघून लोक जास्तच बोलतील. बाई अल्बमची पानं उलटत होती, पण नजर पानावर नव्हती.

शेवटी मी दोन्ही प्रूफं काढून दिली. घरी बसून ठरवा आणि हवं त्यावर मुलीच्या आईची सही करून आणा, असं सांगितलं. प्रूफवर सही झाल्याशिवाय मी काही छापायला पाठवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. पिशवीतून तिनं कै.चं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. सही अजून केलेली नव्हती. मला राग आला, तोही तिचाच. इतकी वर्षं जपलं आणि ऐन वेळी कच खाल्ली, असं वाटलं. दिरांनी भरीस घातलं का, मी विचारलं.

"न्हाई ओ. ते तर म्हनले, तुला पटंल ते कर."

"मग मुलीला हळद कोण लावणार?"

"जाऊबाई लावतील की." तिनं टेबलावरचं प्रूफ सरळ केलं. "श्री. छापलं तर पोरगी मांडवात दाराकडं बघत बसंल, ताई. मी रोज बघते. एका घरात एक पुरे."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं ते फार जड होतं. मी पेन पुढं केलं. तिनं टेबलाशी वाकून सावकाश सही केली, स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पेन परत दिलं आणि पदराचं टोक कपाळावरून फिरवलं. मला वाटलं घाम पुसतेय, म्हणून मी पंखा मोठा करायला उठले. वळून बघते तर कपाळावर नुसता लालसर डाग उरला होता.

पत्रिका कधी मिळतील, तिनं विचारलं. मी म्हटलं, परवा.