गहिनीनाथ काचवाल्याचं पाणी

नगरच्या कापड बाजारात माणसाएवढ्या काचा लागल्या आणि त्यांच्यामागोमाग गहिनीनाथ आला. मूळचा पाथर्डीकडचा. त्याच्या गावी काच म्हणजे कंदिलाची, नाहीतर दाढीच्या आरशाची. इथं काचेच्या आत साड्या नेसलेल्या बाहुल्या उभ्या. पहिल्याच दिवशी त्यानं एका बाहुलीला एसटी स्टँडची वाट विचारली, असं बाजारात अजून सांगतात. तो ते कधी नाकबूल करत नसे. "वाट न्हाई सांगितली तिनं," म्हणायचा, "पर हसली तरी. इथली मानसं तेबी करत न्हाईत."

त्याच काचा पुसायचं काम पुढं त्याच्याकडं आलं. आधी ओलं फडकं, मग खडूची पूड, मग शिळ्या वर्तमानपत्राचा बोळा. आजचा पेपर शेठ लोकांचा आणि कालचा गहिनीनाथाचा, अशी वाटणी ठरलेली. काच पुसून झाली की तो दोन पावलं मागं सरून मान तिरकी करून बघायचा. लग्नाला मुलगी बघायला गेला तेव्हाही त्यानं एवढी मान तिरकी केली नव्हती, असं त्याची बायको मनकर्णा म्हणते.

पाणी दुकानदार द्यायचे. पण बहात्तर साली पाऊस नगरची वाट विसरला. नळ आधी दिवसाआड झाले, मग करंगळीएवढे झाले. उन्हाळा लागला तशी धूळ मात्र मागेल त्याला मिळू लागली.

एका सकाळी साड्यांच्या दुकानाचे झुंबरलाल शेठ पायरीवर येऊन उभे राहिले. बाकीचा बाजार त्यांच्या तोंडाकडं बघून चालायचा, त्यामुळं ते बोलले की बाजार बोलला.

"गहिनी, तुझ्या काचेला बादलीभर पाणी दिलं तर घरची मंडळी मला दुकानातच झोपवतील. इथून पुढं पाणी तुझं तू आण. पाडव्याला गिऱ्हाईक येतं, तोवर जमव. नाही जमलं तर आमचे नोकर कोरडं फडकं मारतील."

काम गेलं तर पुढं काय, हे गहिनीनाथाला पक्कं ठाऊक होतं. त्याचे दोघं भाऊ गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तोही एकदा हौसेनं गेला होता. हातोडा दगड सोडून अंगठ्यावरच बसायचा. मुकादम म्हणाला होता, "बाबा, सरकारला खडी पायजे, तुझा अंगठा नको."

पाण्याची सोय तशी होती. मनकर्णाचे मामा बुरूडगाव रस्त्याला एक मळा राखत. विहीर तळाला गेली होती, तरी भाचजावयाला सकाळची एक खेप भरू द्यायला ते तयार झाले. प्रश्न उरला तो पाणी न्यायचं कशातून, एवढाच.

गहिनीनाथानं आधी कावड केली. दोन रॉकेलचे डबे राखेनं घासले, काठीच्या दोन टोकांना बांधले आणि पाणी हिंदकळू नये म्हणून वर लिंबाचे टहाळे टाकले. माळीवाड्यात पोचला तेव्हा डबे गच्च होते. तिथं एका टांगेवाल्यानं ओंजळ पुढं केली. मग टांगेवाल्याच्या घोड्यानं मान पुढं केली. मग लेकरू काखेत घेतलेली बाई आली, हमाल आले, शाळेचा शिपाई आला.

आता पाणी मागणाऱ्याला 'नाही' कसं म्हणतात, हे गहिनीनाथाला येतच नव्हतं. त्याच्या गावात बांधावरून भांडायला आलेल्यालाही आधी तांब्या देत आणि तो पाणी प्यायला की मग भांडण पुढं चालू होई. कापड बाजारात पोचेपर्यंत त्याच्या डब्यात टहाळे तेवढे ओले राहिले होते.

शेठनी आत वाकून बघितलं. "काच काय पाल्यानं पुसतोस?"

माळीवाड्यात भिमाजी नावाचा सायकल दुरुस्तीवाला होता. त्याच्याकडं कुठल्याही अडचणीला एकच औषध, ते म्हणजे ट्यूब. तो म्हणाला, "डबा दिसतो म्हनून लोक मागत्यात. पानी झाकून न्यायचं, येड्या!" त्यानं ट्रकची जुनी ट्यूब कापली, एक तोंड सुतळीनं आवळलं, मळ्यावर नेऊन भरली, दुसरं तोंडही आवळलं आणि गहिनीनाथाच्या सायकलच्या कॅरियरवर आडवी बांधली. गिळून सुस्त पडलेल्या अजगरासारखी ती दोन्ही बाजूंनी लोंबत होती.

पाणी कुणी मागितलं नाही हे खरं. पण लोंबणारं टोक चाकाच्या तारांना घासत होतं, हे अजगराच्या मालकाला कळलं नाही. भर रस्त्यात ट्यूब फाटली आणि पाण्याचा लोट निघाला. एक बाई पातेलं घेऊन धावली, दुसरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लोकं घोटासाठी मरत्यात, आन तू रस्ता धुतोस व्हय रं?"

भिमाजीला हे कळल्यावर तो म्हणाला, "पर कल्पना चांगली हुती का न्हाई?"

"लई चांगली हुती," गहिनीनाथ म्हणाला. "फकस्त तिनं काच पुसता येत न्हाई."

घरी मनकर्णा ऐकून पोट धरून हसली. हसणं आटपल्यावर डोळे पुसत म्हणाली, "अवं, तुमी पानी ऱ्हाईल असं भांडं बघताय. कुनी मागनार न्हाई असं भांडं बघा की."

"असं कुठलं आसतंय?"

"दादाचा पंप."

मनकर्णाच्या भावाची राहात्याला पेरूची बाग होती. तिच्यासाठी त्यानं पाठीवरचा पितळी फवारणी पंप आणला होता, आणि त्यात औषधाचा थेंब पडायच्या आत बागच वाळून गेली होती. नवाकोरा पंप खुंटीला लटकत होता. गहिनीनाथ एसटीनं गेला आणि पंप घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तो पाणी भरलेला पंप पाठीला लावून निघाला. माळीवाड्यात माणसं त्याला बघून बाजूला सरली. टांगेवाल्यानं घोड्याचं तोंड फिरवलं. सगळं मनासारखं झालं होतं, तरी कुणीच थांबवलं नाही म्हणून त्याला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

दुकानापुढं उभं राहून त्यानं दांडा हापसला. नळीतून धुक्यासारखा फवारा उडाला. थोड्या पाण्यात केवढी काच भिजते, हे बघून तो इतका खूश झाला की आतल्या बाहुलीकडं बघून हसला. अर्धी काच लख्ख झाली आणि आतून शेठ धावत आले.

"थांब! थांब! माझ्या दुकानाला काय कीड लागली? औषध मारतोस?"

शेजारच्या हलवायानं जिलेबीवर आपलं उपरणं टाकलं. माणसं गोळा झाली.

"शेठ, पंप कोरा हाय. नुसतं पानी हाय."

"कशावरून? साडी घेतलेली बाई घरी जायची का दवाखान्यात?"

गहिनीनाथानं नळी आपल्या ओंजळीत धरली, दांडा हापसला आणि घटाघटा प्यायला. तो आता पडतो का मग पडतो म्हणून बाजार श्वास रोखून उभा राहिला. तो पडला नाही. त्यानं ढेकर दिला.

शेठचं समाधान झालं. पण पायरीशी लिंबं विकणारी रंगूबाई बसली होती, तिचं बोलणं राहिलं होतं.

"गोड हाय का रं?"

"गोड हाय, मावशे."

"मग मला बी दे की घोटभर."

पुढचं सांगायला नको. रंगूबाईमागं हमाल, हमालांमागं गिऱ्हाईक, आणि शेवटी उपरणं झटकत हलवाई. दांडा नुसता खडखड वाजायला लागला तेव्हा काच अर्धीच होती. बाहुलीचा एक डोळा चकाकत होता, दुसरा धुळीत.

शेठ खिन्नपणे म्हणाले, "अर्धी सून, अर्धी हडळ. गहिनी, परवा पाडवा. उद्या सगळ्या काचा झाल्या तर काम तुझं. नाहीतर रामराम."

रात्री जेवताना गहिनीनाथाचा घास फिरत होता. "आता बाजाराला ठावं झालं, पंपात प्यायचं पानी हाय. उद्या मी सरळ न्हाई म्हननार."

"म्हना बघू," मनकर्णा म्हणाली. पदर डोक्यावरून पुढं ओढून, आवाज बारीक करून ती दारात उभी राहिली. "दादा, लांबून आले. घोटभर पानी द्या."

"न्ह..." गहिनीनाथ म्हणाला. मग तो उठला आणि तांब्या भरून घेऊन आला.

मनकर्णानं ते पाणी खरंच पिऊन टाकलं. "जमायचं न्हाई तुमाला. ऱ्हाऊ द्या. उद्या मी येते. पंप तुमच्या पाठीवर, घागर माज्या डोक्यावर."

"बाजारात? लोक काय म्हनतील?"

"पानी मागतील. दुसरं काय म्हनतील?"

तसंच झालं. सकाळी मनकर्णा घागर घेऊन पुढं आणि गहिनीनाथ पंप घेऊन मागं, अशी वरात माळीवाड्यातून निघाली. हात पुढं आला की मनकर्णा थांबे, घागर तिरकी करी. गहिनीनाथ मान खाली घालून पुढं सटके. कुणी त्याच्याकडं वळलंच तर ती मागून ओरडे, "ओ पाव्हणं, हिकडं! ते मशीन काचंचं हाय!"

दुपारपर्यंत ओळीतली शेवटची काच झाली. गहिनीनाथ दोन पावलं मागं सरला, मान तिरकी केली. पंपात अजून पाणी डुचमळत होतं. झुंबरलाल शेठ प्रत्येक काचेत स्वतःला बघत, टोपी सारखी करत परत आले.

"काम तुझंच," ते म्हणाले. "उन्हाळाभर असंच चालू दे. पण एक माणूस ठेवला होता, आले दोन!"

"दोन न्हाई, शेठजी," मनकर्णा म्हणाली. "त्यांचं पानी काचंला. माजं बाजाराला."

शेठ घागरीकडं बघत राहिले. ऊन मी म्हणत होतं.

"आहे का काही तिच्यात?"

"तळाला हाय थोडं."

शेठनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा बघून घेतलं, आपल्याच पायरीवर उकिडवे बसले आणि ओंजळ पुढं केली.