चुलतभावाने दिलेली डीव्हीडी

वरूडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत एकदा परदेशी माणसं कॅमेरा घेऊन आली होती. आई तेव्हा हयात होती, तिचंही शूटिंग झालं. त्यांना गावात आणलं माझ्या चुलतभावाने. त्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझा वाद आहे, आजही मिटलेला नाही. फिल्म अमेरिकेत विकायला आली, त्याच्या जावयाने तिथून डीव्हीडी धाडली, आणि ती माझ्या हातात पडली तोवर आई गेलेली. देताना चुलतभाऊ म्हणाला, "तुह्या मायचं शूटिंग कापलं त्याह्यनं. सारी माहीच बाग हाय."

अमरावतीला घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये टाकली, तर ही डिस्क दुसऱ्या प्रदेशाची आहे असा इंग्रजी संदेश. मुद्दाम न चालणारी दिली, याबद्दल मला शंका उरली नाही. आईचे फोटो आहेत माझ्याकडे. आवाज कुठेच नाही.

कॉम्प्युटर अकोल्यात घासाघीस करून घेतलेला. डबा उचलून त्याच दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "काकाजी, डिस्क बरोबर हाय, पण अमेरिकेची हाय. ड्राइव्हले अमेरिकेवर न्या लागते." त्याने सेटिंग बदललं, फिल्म सुरू झाली. चार परक्या गिऱ्हाइकांत आईला पाहायचं नव्हतं, म्हणून लगेच बंद करायला लावली. पण ढिगाच्या वरची संत्री पाहून मी कधी माल घेतला नाही, ढीग उलटवतो. "आता आपल्याकडची डिस्क लाव," म्हटलं. त्याला सेटिंग परत फिरवावं लागलं. मग पुन्हा अमेरिकेची. मग पुन्हा आपली.

"काकाजी, बस करा! पाचच डाव बदलते हे. आता एकच राह्यला. मंग जिथं थांबलं तिथंच जाम."

"एकच राह्यला, असं सांगूनच म्या जिंदगीभर संत्रा विकला. मले काहून शिकवून राहिला?"

त्याने चिडून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. उरलेल्या बदलांचा आकडा तिथे होता: एक. "तूच टाकला असशीन," म्हणालो आणि डबा उचलला.

घरी सगळं ऐकून बायको म्हणाली, "अमेरिकेवर जाम झाला, मंग आपल्या डीव्हीडी चालतीन का? इचार करा जरा." मला डीव्हीडींचं काही नव्हतं. दुकानदाराला नवा ड्राइव्ह गळ्यात मारायचा असेल, हा एक संशय. आणि आई खरंच कापली असेल, तर शेवटचा डाव चुलतभावाच्या बागेपायी जाणार, हा दुसरा.

दाबलं अमेरिकेचं बटण.

बाग आली. विहिरीजवळचं वाकडं झाड मी ओळखलं; आमचंच. मग आई. टोपली खाली ठेवून, पदर खोचून ती थेट कॅमेऱ्यापुढे आली. "माहा फोटो खरंच निघून राहिला का याच्यात? दाखव आधी!"

बायको हसली. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

दुकानदार खरं बोलला होता, ड्राइव्ह अमेरिकेवर जाम झाला. तेव्हापासून ती डिस्क आतच आहे. चुलतभाऊ परत मागतो. मी म्हणतो, "माही माय कुठं कापली ते इथं येऊन दाखव, मंग देतो." अजून आलेला नाही.