मिरची लागनी का वं?

मिरचीच्या पथारीवर हात देठ खुडण्यात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळं असतं. त्यामुळे हंगामाच्या शेवटी मिरची संपते आणि किस्से तेवढे आमच्याकडे उरतात! नंदुरबारच्या बाहेर, रेल्वे रुळाला लागून आमच्या शेठची पथारी आहे. उघड्या रानात लालभडक मिरची वाळत घातलेली, आणि नाकातोंडाला फडकी बांधून आम्ही बायका ओळीनं बसलेल्या. डोळ्यांतून पाणी चालूच. नवीन माणसाला वाटतं, शेठच्या घरचं कोणीतरी गेलं!

*

याचा एक मोठा फायदा आहे. इथं रडायला कारण लागत नाही. घरी नुसते डोळे पुसले तरी जाऊ विचारते, नणंद विचारते, शेजारीण तर टपूनच असते. इथं कुणी विचारलं, तर एकच उत्तर. "मिरची लागनी वं!"

गेल्या हंगामात रेखा आमच्यात आली. तिचा नवरा विलास सुरतेला कामाला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहू लागला. सासू मंगलबाई ही आमच्यातलीच, पथारीवरची जुनी. तिनं सुनेला आधीच बजावलं होतं, "घरनी गोट घरमा. चार लोकेसमोर रडानं नही."

रेखा दगडासारखी बसून होती. ते बघून आमच्या शोभाक्कानं सगळ्यात तिखट मिरचीचा ढीग ओढला आणि तिच्यापुढे ओतला. "ले. आते रड. कोन काय म्हनस ते मी देखस!"

आणि पोरगी जी रडली! मंगलबाई समोरच होती. तिनं बघितलं, पण बोलणार काय? मिरचीला कोण रागावणार!

*

जेवणाच्या सुट्टीत रेखा डबा उघडायचीच नाही. आठवडाभर शोभाक्कानं बघितलं आणि मग डबा स्वतः उघडून तिच्या मांडीवर ठेवला. "पह्यले खा, मंग रड. उपाशी रडशी त चक्कर येई, आन तुन्हा वाटानी मिरची मालेच खुडनी पडी!"

डब्यात काय, तर भाकरी आणि ठेचा. दिवसभर मिरचीत बसायचं आणि जेवायलाही मिरचीच. आम्ही काय कुणाच्या बापाला भितो?

*

एकदा कुठल्याशा संस्थेच्या मॅडम आल्या. टेन्शन कसं घालवायचं ते शिकवायला. स्वभावानं फार चांगल्या होत्या बिचाऱ्या. "डोळे मिटा, खोल श्वास घ्या," म्हणाल्या, आणि करून दाखवायला पहिला श्वास स्वतःच घेतला. तोही पथारीच्या मधोमध उभं राहून!

पुढचा तास त्यांना सावरण्यात गेला. शोभाक्कानं पाणी पाजलं, पाठ चोळली, गूळ दिला. ठसका थांबल्यावर मॅडमनी हळूच विचारलं, "मग तुम्हाला टेन्शन आलं की तुम्ही काय करता?"

शोभाक्का म्हणाली, "आम्हू मालगाडीनी वाट देखतस!"

*

हे मालगाडीचं प्रकरण खरं आहे. रूळ कुंपणाला लागून. गाडी आली की धडधडाटात आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. तेवढ्या वेळात आम्ही सगळ्या उभ्या राहतो आणि मनात साठलेलं ओरडून घेतो. कुणी नवऱ्याला, कुणी दिराला, कुणी सरळ देवाला. गाडी गेली की पुन्हा खाली बसून देठ खुडायचे. अंग कसं हलकं होतं म्हणून सांगू!

एकदा गाडी संपली, पण शोभाक्का संपली नव्हती. शांत पथारीवर तिचा एकटीचा आवाज घुमला, "भिकन मुकादम, तुन्हं तोंड काळं व्हवो!"

भिकन मुकादम तिच्या मागेच उभा होता. तो खाकरला आणि म्हणाला, "अक्का, आजून एक गाडी यी ऱ्हायनी. बाकीनं तव्हय सांग."

रेखा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आणि पुढची गाडी आली तेव्हा उठून अशी ओरडली, की विलासला सुरतेत उचकी लागली असेल!

मंगलबाई मात्र एकाही गाडीला उठली नाही. खाली मान घालून देठ खुडत राहायची. हिला ना राग ना रडू, असंच आम्हाला वाटायचं. खरं सांगते, मला तिची चीड यायची.

*

होळीच्या तोंडावर विलास आला. डोळ्याला गॉगल, नाकाला रुमाल. सगळ्या बायकांदेखत रेखापुढे येऊन उभा राहिला. "सामान बांध आन माहेर चालनी जाय. मी तिले घर आनी ऱ्हायनू."

रेखानं शोभाक्काचा हात घट्ट धरला. आम्ही सगळ्या मंगलबाईकडे बघू लागलो. घर तिच्या नावाचं, आणि हा तिचा एकुलता एक. तिनं नुसती होकाराची मान डोलावली असती, तरी रेखाला त्या घरात थारा नव्हता.

मंगलबाई उठली. पदरातले देठ झटकले. रुळावर गाडीबिडी काही नव्हती, सगळीकडे शांत होतं. तिनं तोंडावरचं फडकं सोडलं तेव्हा आम्हाला दिसलं, दोन्ही गाल भिजलेले होते.

विलास जरा वरमला. "माय, मिरची लागनी का?"

"मिरचीनी सवय शे माले," मंगलबाई सगळ्या पथारीला ऐकू जाईल अशी ओरडली. "सामान तुन्हं बांध!"