उसने गिऱ्हाईक

माझा आवाज चढलेला आपण कधी ऐकलाच नाही, असे माझी पत्नी सांगते. ही स्तुती नव्हे; भाजी घ्यायला ती मला सोबत नेत नाही, त्याचे ते कारण आहे. परंतु एका उन्हाळ्यात मी रोज दुपारी ओरडत असे, आणि तेही एका तरुण मुलीवर, हे तिला मी अद्याप सांगितलेले नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या ट्रंक केंद्रात तंत्रज्ञ होतो. परगावी फोन करायचा तर तेव्हा नंबर नोंदवून ताटकळावे लागे. तारा जोडून देणाऱ्या मुली एका लांब फळ्यासमोर उंच खुर्च्यांवर ओळीने बसत. पाय टेकण्यासाठी खाली एकच लाकडी दांडी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरतेची लाइन मिळाली नाही की गांधीबागेतले कापडाचे व्यापारी जे काही बोलत, ते सारे त्या मुलींच्या कानात पडे. पाळी संपेपर्यंत त्यांचे खांदे कानांना भिडलेले असत. कुणाचे पोट दुखे, कुणी विश्रांतीच्या खोलीत जाऊन रडे.

त्यांच्यातल्या वयाने वडील ऑपरेटरला साऱ्या जणी ‘बाई’ म्हणत. मधल्या सुटीत ती विश्रांतीच्या खोलीचे दार लावून घेई आणि मुलींना जोडीजोडीने पाठीला पाठ लावून जमिनीवर बसवी. बोलायचे नाही, मागचीचा श्वास आपल्या पाठीला कळेपर्यंत बसून राहायचे. मग पीठ झटकावे तसे हात झटकायचे, आणि शेवटी फुगडी. माझे दुरुस्तीचे टेबल लाकडी आडभिंतीच्या अलीकडे होते, त्यामुळे हा सारा कार्यक्रम मला ऐकू येई आणि फुगडीच्या हादऱ्यांनी माझे स्क्रूड्रायव्हर टेबलावरून खाली पडत. एकदा मी अत्यंत नम्रपणे तक्रार घेऊन गेलो.

“काहून गा, तुहे पेचकस पडून राहिले का?” बाई म्हणाली. “मंग त्याइलेही नाचू दे!”

मी क्षमा मागून परतलो.

त्या वर्षी एक नवी मुलगी आली. उमरेडच्या विणकर घरातली. घरचा माग बंद पडल्यामुळे नोकरीला निघालेली. तिचे काम स्वच्छ होते, पण पलीकडून आवाज चढला की ती बोलायची थांबे आणि तार हातात तशीच धरून बसे. शिकाऊ काळ संपत आला होता. वरिष्ठांच्या पाहणीत ती अशीच गप्प झाली असती तर तिला उमरेडला परतावे लागले असते. पाठीला पाठ लावून ती शांत होई, परंतु फळ्यापाशी बसताच पुन्हा तेच.

“शांततेत तं कोणीही शांत राह्यते,” बाईने निदान केले. “हिले एक चिडका माणूस पाह्यजे.”

त्या दिवशी दार उघडेच राहिले होते. साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“हा?” एक जण फिस्सकन हसली. “याले तं मांजरही भेत नाही वं!”

तरीही मी दोन जुने फोन एका तारेने जोडले. एक आत गेला, एक माझ्या टेबलावर राहिला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “माझी सुरतेची लाइन लागलेली नाही, याचे मला वाईट वाटते.” आत हसून हसून मुली लोळल्या. पुढे मी थोडा ओरडू लागलो, पण प्रत्येक ओरडण्यामागून “माफ करा” येई.

“पोटातून काढ गा!” बाई आतून शिकवी. “आन् माफी गिळून टाक!”

एका दुपारी तो आवाज निघाला. “अरे, सो रही हो क्या? माल स्टेशन पे पडा है मेरा!” माझे कान तापले. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. समोरची व्यक्ती उलट बोलू शकत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाला जे सुख मिळते, ते मला मिळाले. ते इतके सहज मिळाले, याची लाज मला अजून सोडत नाही.

तारेमुळे दार पुरते लागत नसे; फटीतून मी आत पाहिले. मुलीची पाठ बाईच्या पाठीला टेकलेली होती. मग पायांचा आवाज ऐकू आला: डावा, उजवा, डावा, उजवा. ती मागाच्या पायपट्ट्या दाबाव्यात तशी जमीन दाबीत होती, आणि हळूहळू साऱ्या जणींचे पाय तिच्याबरोबर चालू लागले.

“थांबा शेठजी,” बारीक आवाज आला. “पाहून राह्यली मी.”

पाहणीच्या दिवशी दोन साहेब तिच्या मागे उभे होते. मी फळ्याच्या टोकाशी एक तार, काही बिघाड नसताना, दुरुस्त करीत होतो. तिची मान अचानक ताठ झाली. पलीकडे कुणीतरी भडकले असावे. तिथे पाठीला पाठ कुठून मिळणार? इतक्यात शेजारच्या खुर्चीवरून बाईने खालची लाकडी दांडी डाव्या, मग उजव्या पायाने दाबली. मग पलीकडच्या मुलीने. तो ठेका दांडीतून ओळीभर पसरत गेला आणि त्या मुलीच्या तळव्यांपर्यंत पोचला. तिचे खांदे खाली आले.

“थांबा शेठजी. लाइन पाहून राह्यली मी.”

तिने तार जोडली.

“साऱ्या जणी पाय का हलवीत आहेत?” एका साहेबांनी विचारले.

“डास लय हायेत, साहेब,” बाई म्हणाली.

ती मुलगी नोकरीत कायम झाली. पेढा घेऊन माझ्या टेबलाशी आली तेव्हा म्हणाली, “दादा, तो शेठजी तं तुमच्यापेक्षा लय हळू ओरडला.”

“माफ करा,” मी म्हणालो.

काही महिन्यांनी आणखी एक घाबरट मुलगी आली. पाठ देण्यासाठी तिच्यामागे आता उमरेडची मुलगी बसू लागली. मधल्या सुटीत माझ्या टेबलावरचा जुना फोन खरखरला.

“दादा, जोरात हं,” ती आतून म्हणाली. “आन् मधात माफी नका मागू.”