सांडोर ते त्र्यंबक, भाजीच्या इलेक्ट्रिक पिकअपने

मामांनी सांडोरच्या वाडीतली केळी-भाजी बाजारात पोचवायला इलेक्ट्रिक पिकअप घेतली, तेव्हा विकणारा म्हणाला होता, “एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर.” मामेभाऊ रोहन म्हणाला, “पप्पा, वसईबाहेर काढायची नाही.” मामांनी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. रोहन ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला आणि मला फुलपाड्याला घरी मामांचा फोन आला, “शनिवारी त्र्यंबकला येतेस? गाडीत किती दम हाय ते बघू.”

सकाळी सहाला निघालो. मागे गाद्या, ताडपत्री आणि केळ्यांचा अर्धा घड. गाडी आवाज करत नाही, त्यामुळे मामांचा आवाज जास्तच ऐकू येतो. मनोरला मिसळ झकास, पण तिथल्या चार्जरची पिन आमच्या गाडीला बसेना. आमची गाडी घरातल्या सॉकेटवर जगणारी गरीब जात! विक्रमगडनंतर चढ लागला आणि बॅटरीचे टक्के भराभर उतरले. जव्हारला पोचलो तेव्हा उरले होते चौदा.

रात्री तिथेच एका लॉजवर थांबलो. मॅनेजरने दोनशे रुपयांत स्वयंपाकघरातून वायर ओढून दिली. सकाळी पाहतो तर बॅटरी अर्धीच. आचाऱ्याने आमचा प्लग काढून हीटर लावला होता.

“पानी तापलं, आता माझं डोकं तापलंय,” म्हणत मामा तसेच निघाले. मी थांबा म्हटलं. ऐकतात कसले!

मोखाड्याच्या पुढे घाटात अकरा टक्के उरले. रस्त्याकडेला पिठाची गिरणी दिसली, तिथे शिरलो. मालकीण सुनंदाताई म्हणाल्या, “सॉकेट वापरा. पण आमच्या आप्पांना त्र्यंबकला न्याल? डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोनच्या आत पट्टी काढायचीय. जीप चुकली.”

मामांनी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. पाऊण तासात वीज गेली. वीस टक्के, आणि पुढे वीस-बावीस किलोमीटर चढ-उतार. मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “मधेच बंद पडली तर? म्हाताऱ्या मान्साला उन्हात बसवून ठेवायचं?”

आप्पा काठी टेकत आले आणि स्वतःच आत चढले. “इथं बसून तरी कुठं पट्टी सुटणारे?”

ताशी तीसने निघालो. मागचे ट्रक शिव्यांसारखे हॉर्न मारत होते. आप्पा उघड्या डोळ्याने आकडा वाचून दाखवत होते. “नऊ... सात...” मामांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि बॅटरी तीन टक्के.

पट्टी सुटल्यावर आप्पांनी मामांना दोन्ही डोळ्यांनी नीट न्याहाळलं. “आवाजावरून वाटला तेवढा तापट नाय दिसत तुम्ही.”

दवाखान्याच्या वॉचमनने सॉकेट दिलं. गाडीपाशी बसून राहिल्यामुळे आमचं दर्शन हुकलं. संध्याकाळी आप्पांना घरी सोडलं, सुनंदाताईंनी भाकरी-पिठलं वाढलं आणि आम्ही गाडी चार्जिंगला लावून गिरणीतच मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी परतताना उतारांवर बॅटरी थोडी परत भरत होती, तेव्हा मामा लहान मुलासारखे हसत होते.

जायचं असेल तर सांगते: दीडशे म्हटलं की शंभर धरा, लांब वायर न्या आणि प्लगपाशी माणूस बसवा. आणि वेळ ठेवा, भरपूर.

रोहन आमच्या आधीच घरी पोचला होता. मीटर बघून तो ओरडणार, तोच मामांनी सगळं खरं सांगून टाकलं, तीन टक्क्यांसकट. रोहनने एवढंच विचारलं, “घाट कसा होता?”

“मला काय ठाऊक? मी नुस्ता आकडा बघत होतो,” मामा म्हणाले आणि चावी त्याच्यापुढे ठेवली. “पुढच्या टायमाला तू चालव.”